युनिक्स संगणकांमधील जोडणी : प्रवेश-खाती व परवाने

युनिक्स परिचालन प्रणालीवर चालणारे दोन संगणक दूरध्वनीच्या तारेने वा अन्य मार्गाने जोडले असता एका संगणकाने दुसऱ्यास कोणत्या नावाने आत घ्यावयाचे व आत आल्यावर त्यास काय करू द्यावयाचे, हे ठरविणाऱ्या व्यवस्थेचा हा इतिहास आहे. या व्यवस्थेचे दोन भाग पडतात. पहिला भाग प्रवेश-खात्याचा. त्यात येणाऱ्याचे नाव व परवलीचा शब्द तपासला जातो. दुसरा भाग परवान्याचा. त्यात वाचणे, लिहिणे व आज्ञा चालविणे यांच्या मर्यादा ठरतात. संगणकांच्या जोडणीचा प्रारंभीचा इतिहास पाहता पहिला भाग लवकर सिद्ध झाला, तर दुसऱ्या भागाचे महत्त्व अनुभवांतीच पटले, असे दिसते. भारतातील संगणकीय पत्रव्यवहाराचा आरंभ मुंबईत याच पद्धतीने झाला असल्याने या विषयास महाराष्ट्राच्या दृष्टीने विशेष महत्त्व आहे.

पार्श्वभूमी : युनिक्सचा विकास अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत १९६९ पासून केन टॉम्पसन, डेनिस रिची व त्यांच्या सहकाऱ्यांनी केला. एकच संगणक अनेकांनी एकाच वेळी वापरावा, ही कल्पना या प्रणालीच्या मुळाशी आहे. त्यामुळे प्रत्येक उपयोजकास स्वतंत्र खाते देणे व एकाच्या फाइली दुसऱ्यापासून सुरक्षित ठेवणे आवश्यक ठरले. युनिक्समध्ये प्रत्येक फाइलीस एक मालक व एक गट असतो. मालक, गटातील अन्य व्यक्ती आणि इतर सर्व अशा तीन वर्गांना वाचणे, लिहिणे व चालविणे या तीन गोष्टींची मुभा आहे की नाही, हे एकूण नऊ खुणांनी दर्शविले जाते. काही वेळा सामान्य उपयोजकास एरवी निषिद्ध असलेल्या फाइलीत ठरावीक स्वरूपाचा फेरफार करावा लागतो. उदा., स्वतःचा परवलीचा शब्द बदलणे. अशा प्रसंगी आज्ञावली ती चालविणाऱ्याच्या अधिकाराने न चालता आपल्या मालकाच्या अधिकाराने चालावी, अशी युक्ती रिची यांनी योजिली. तिच्या एकस्वासाठी १९७३ मध्ये अर्ज करण्यात आला व ते १९७९ मध्ये मिळाले. त्याच वर्षी रॉबर्ट मॉरिस व टॉम्पसन यांनी परवलीचे शब्द गूढलिपीत साठविण्याच्या पद्धतीचे विवेचन प्रसिद्ध केले.

ही सर्व रचना एका यंत्रापुरती होती. यंत्राच्या खोलीत कोण येतो, खाते कोणास दिले व ते कोणाच्या शिफारशीवरून दिले, हे व्यवस्थापकास ठाऊक असे. दुसरे यंत्र तारेवरून दार ठोठावू लागले, तेव्हा ही ओळख अपुरी पडली. दुसऱ्या यंत्रामागे कितीही माणसे असू शकतात व त्यांची नावेही पहिल्या यंत्राच्या व्यवस्थापकास माहीत नसतात. खाते माणसाचे नसून यंत्राचे, ही नवी गोष्ट होती व परवान्यांचा पुढील सर्व इतिहास तिच्यातून निघाला.

यूयूसीपीचा उदय : युनिक्सवरून युनिक्सवर प्रतिलिपी करणे, या अर्थाच्या इंग्रजी शब्दांच्या आद्याक्षरांवरून ‘यूयूसीपी’ हे नाव पडले. बेल प्रयोगशाळेतील माइक लेस्क यांनी ही आज्ञावली १९७६ मध्ये लिहिली. प्रयोगशाळेच्या निरनिराळ्या यंत्रांवर आज्ञावल्यांच्या सुधारित आवृत्त्या पोहोचविणे हा तिचा एक प्रमुख उपयोग होता. लेस्क, डेव्हिड नोविट्झ व ग्रेग चेसन यांनी तिची पुनर्रचना केली आणि ती १९७९ मध्ये युनिक्सच्या सातव्या आवृत्तीबरोबर बाहेर पडली.

यूयूसीपीस खास तार लागत नसे. सामान्य दूरध्वनी व मोडेम (संगणकाचे संकेत ध्वनीत व ध्वनी संकेतांत रूपांतरित करणारे उपकरण) एवढ्यावर काम भागे. पाठवावयाचे साहित्य दिवसभर एका निर्देशिकेत साठवीत व रात्री एक यंत्र दुसऱ्यास दूरध्वनी करून ते सुपूर्द करी. पत्र एका यंत्राकडून दुसऱ्याकडे व त्याच्याकडून तिसऱ्याकडे असे टप्प्याटप्प्याने पुढे जाई. पत्त्यात या सर्व टप्प्यांची नावे उद्गारचिन्हांनी जोडून क्रमाने लिहावी लागत. १९७९ मध्ये ड्यूक विद्यापीठातील टॉम ट्रस्कॉट व जिम एलिस यांनी या पायावर ‘यूझनेट’ या वार्ताजालाची कल्पना मांडली आणि नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठातील स्टीव्ह बेलोव्हिन यांनी तिच्या प्रारंभीच्या घडणीत भाग घेतला. १९८० पासून हे जाल वेगाने वाढले.

प्रवेशाची रीत : यूयूसीपीने येणारे यंत्र माणसाप्रमाणेच प्रवेश करते. मोडेमवरून जोडणी झाली की यजमान संगणक नाव विचारतो. पाहुणे यंत्र एका फाइलीत आधीच लिहून ठेवलेल्या प्रश्नोत्तरांच्या आधारे आपले नाव व परवलीचा शब्द पाठविते. इथवर माणसात व यंत्रात भेद नाही. भेद पुढे येतो. माणसाने प्रवेश केल्यावर त्याच्या आज्ञा स्वीकारणारी सर्वसाधारण आज्ञावली सुरू होते. यंत्राच्या खात्यास मात्र ती दिली जात नाही. तिच्या जागी देवघेव करणारी ‘यूयूसीआयसीओ’ ही आज्ञावली सुरू होते. तिला तारेवरून फाइली स्वीकारणे व पाठविणे एवढेच माहीत असते. इतरांना आत-बाहेर हिंडावयास मिळू नये म्हणून योजिलेली ही पहिली व सर्वांत परिणामकारक मर्यादा होय. एखाद्या निष्काळजी व्यवस्थापकाने यंत्राच्या खात्यास चुकून सर्वसाधारण आज्ञावली जोडली, तर परवलीचा शब्द जाणणारा कोणीही त्या संगणकावर नेहमीच्या उपयोजकासारखा वावरू शके.

यानंतर दोन्ही यंत्रे परस्परांना आपापली नावे सांगतात. येथे या व्यवस्थेतील एक मूलभूत उणीव दिसते. खात्याचे नाव परवलीच्या शब्दाने सिद्ध होते. यंत्राचे नाव मात्र ते यंत्र सांगेल तेच मानावे लागते. अनेक यंत्रांना मिळून एकच खाते दिले असेल, तर त्यांपैकी कोणतेही यंत्र दुसऱ्याचे नाव सांगून त्याच्यासाठी ठेवलेली पत्रे घेऊन जाऊ शके. यावर एक उपाय म्हणून दोन यंत्रांमधील संभाषणांचा क्रमांक दोन्ही बाजूंस नोंदवून ठेवण्याची सोय करण्यात आली. तोतया यंत्राने एकदा संभाषण केले, तर खऱ्या यंत्राच्या पुढच्या खेपेस क्रमांक जुळत नसे व फसवणूक उघडकीस येई. मात्र ती उघडकीस येई घटना घडून गेल्यावर. शिवाय, दुसऱ्या यंत्रांचे दूरध्वनी क्रमांक व परवलीचे शब्द ज्या फाइलीत असत, तीत ते गूढलिपीत ठेवता येत नसत. तारेवरून ते जसेच्या तसे पाठवावे लागत, हे त्याचे कारण. ती फाइल यूयूसीपीच्या खात्याखेरीज अन्य कोणास वाचता येऊ नये, अशी तिची परवाना-खूण ठेवणे हे व्यवस्थापकाचे पहिले कर्तव्य मानले जाई.

परवान्यांची उत्क्रांती : आरंभीच्या आवृत्तीत परवान्यांसाठी ‘यूझरफाइल’ नावाची एक फाइल असे. स्थानिक उपयोजकाने कोणत्या निर्देशिकांतील फाइली पाठवाव्यात, परक्या यंत्रास कोणत्या निर्देशिका मोकळ्या असाव्यात, कोणत्या यंत्राने कोणत्या खात्याने यावे आणि येणाऱ्यास उलट दूरध्वनी करावयाचा की नाही, अशा चार वेगवेगळ्या गोष्टी एकाच फाइलीतील ओळींनी ठरत. रिकाम्या सोडलेल्या जागेचा अर्थ संदर्भानुसार बदले. त्यामुळे तिचे नियम समजण्यास अवघड होते. परक्या यंत्रास चालविता येणाऱ्या आज्ञांची यादी दुसऱ्या फाइलीत असे व ती सर्व यंत्रांना एकसारखीच लागू होई. घनिष्ठ संबंध असलेल्या यंत्रास जी मुभा द्यावयाची, ती अनोळखी यंत्रासही आपोआप मिळे.

१९८३ मध्ये पीटर हनीमन, डेव्हिड नोविट्झ व ब्रायन रेडमन यांनी यूयूसीपी नव्याने लिहिली. तिघांच्या नावांवरून ही आवृत्ती ‘हनी-डॅन-बर’ म्हणून ओळखली जाते. तीत यंत्रांची यादी, उपकरणे, मोडेमच्या आज्ञा व परवाने यांसाठी स्वतंत्र फाइली करण्यात आल्या. त्यांपैकी ‘परमिशन्स’ म्हणजे परवान्यांची फाइल ही या आवृत्तीची महत्त्वाची देणगी होय. तीत दोन प्रकारच्या नोंदी असतात. परके यंत्र आपणास दूरध्वनी करते तेव्हा लागू होणारी नोंद खात्याच्या नावाने, तर आपण परक्या यंत्रास दूरध्वनी करतो तेव्हा लागू होणारी नोंद यंत्राच्या नावाने लिहितात. येणारा व ज्याच्याकडे जावयाचे तो यांबाबत वेगवेगळा विश्वास ठेवता येतो, हे यातून प्रथमच स्पष्ट झाले.

या फाइलीत काहीच लिहिले नाही, तर पुढील नियम आपोआप लागू होतात. येणाऱ्या यंत्रास आपणाकडील फाइल मागता येत नाही. त्याच्यासाठी ठेवलेले साहित्यही त्याच्या हाती दिले जात नाही. आपण स्वतः त्याला दूरध्वनी करू तेव्हाच ते पाठविले जाते. वाचणे व लिहिणे एका सार्वजनिक निर्देशिकेपुरते मर्यादित असते. दुरून चालविता येणारी आज्ञा एकच, ती म्हणजे आलेले पत्र स्वीकारण्याची. यादीत नसलेले यंत्र आले, तर त्यास नकार देऊन त्याची नोंद ठेवली जाते. सारांश, पूर्वी जे स्पष्टपणे नाकारले नसेल ते बहुधा मिळत असे. आता जे स्पष्टपणे दिले नसेल ते मिळेनासे झाले. संगणकांच्या सुरक्षिततेच्या विचारातील हे एक मोठे स्थित्यंतर होय.

यंत्राच्या खोट्या नावाचा प्रश्नही या आवृत्तीने बऱ्याच अंशी सोडविला. ‘व्हॅलिडेट’ या नोंदीने एखादे यंत्रनाव विशिष्ट खात्याशी बांधून टाकता येते. त्या नावाचे यंत्र दुसऱ्या खात्याने आले, तर त्यास परत पाठविले जाते. मात्र त्यासाठी प्रत्येक विश्वासू यंत्रास स्वतंत्र खाते व स्वतंत्र परवलीचा शब्द द्यावा लागतो. ‘कॉलबॅक’ या नोंदीने येणाऱ्याचा दूरध्वनी बंद करून आपण होऊन त्याच्या ज्ञात क्रमांकावर दूरध्वनी करता येतो. यामुळे परवलीचा शब्द चोरीस गेला, तरी तोतयास लाभ होत नाही. उलट दूरध्वनीचा खर्च मात्र यजमानावर पडतो. दोन्ही यंत्रांनी एकमेकांसाठी ही नोंद केली, तर दोघेही परस्परांचा दूरध्वनी बंद करीत राहतात व देवघेव कधीच सुरू होत नाही.

जोडणीचे उदाहरण : या नियमांचा व्यवहारातील अर्थ एका कल्पित उदाहरणाने स्पष्ट होईल. समजा, रत्नागिरीतील एखाद्या महाविद्यालयाच्या संगणकास मुंबईतील एका संस्थेच्या संगणकाशी पत्रांची देवघेव करावयाची आहे. दोन्ही शहरांमधील अंतर सडकेने तीनशे किमी.हून अधिक असल्याने दूरध्वनी दूर अंतराचा होतो. दर सवलतीचा असावा म्हणून रात्रीची वेळ ठरविली जाते. मोडेमचा वेग प्रतिसेकंद १,२०० बिट असेल, तर सु. १२० अक्षरे प्रतिसेकंद जातात. दोन हजार अक्षरांचे पत्र सु. १७ सेकंदांत व एक लाख अक्षरांचा मजकूर सु. १४ मिनिटांत पोहोचतो. तार मध्येच तुटली, तर ती फाइल पुन्हा आरंभापासून पाठवावी लागे. म्हणून कोणते साहित्य कोणाच्या खर्चाने जावे, हा प्रश्न परवान्यांशीच निगडित होतो.

मुंबईचा व्यवस्थापक प्रथम रत्नागिरीच्या यंत्रासाठी स्वतंत्र खाते उघडतो, त्यास देवघेवीची आज्ञावली जोडतो आणि परवलीचा शब्द पत्राने वा तारेवरून न कळविता शक्य तर प्रत्यक्ष भेटीत देतो. परवान्यांच्या फाइलीत तो रत्नागिरीच्या यंत्राचे नाव या खात्याशी बांधतो. फाइली मागण्याची मुभा देत नाही. रत्नागिरीसाठी आलेली पत्रे त्याच दूरध्वनीत सुपूर्द करावीत, अशी नोंद मात्र करतो. ती न केल्यास मुंबईस रत्नागिरीकडे स्वतंत्र दूरध्वनी करावा लागेल व पत्रे तोवर पडून राहतील. आज्ञांच्या यादीत पत्र स्वीकारण्याची आज्ञा व हवी असल्यास वार्ता स्वीकारण्याची आज्ञा यांहून अधिक काही तो लिहीत नाही. रत्नागिरीचा व्यवस्थापक आपल्या यंत्रांच्या यादीत मुंबईचा दूरध्वनी क्रमांक, वेळ व प्रवेशाची प्रश्नोत्तरे लिहितो आणि ती फाइल इतरांच्या नजरेआड ठेवतो. पहिली जोडणी तो संभाषणाचा प्रत्येक टप्पा पडद्यावर दाखविणाऱ्या रीतीने करून पाहतो. नंतरही दोघांनी नोंदवही नियमितपणे वाचणे आवश्यक असते.

या साध्या दिसणाऱ्या निर्णयांतील चुका गंभीर ठरू शकतात. सोयीसाठी वाचनाची मुभा संपूर्ण यंत्रावर दिली, तर परके यंत्र परवलीच्या शब्दांची फाइल घेऊन जाऊ शकते व तीवर सावकाशीने तर्क चालवू शकते. लिहिण्याची मुभा सर्वत्र दिली, तर एखाद्या उपयोजकाच्या निर्देशिकेत अशी फाइल ठेवता येते की पुढील वेळी त्याने प्रवेश करताच तिच्यातील आज्ञा त्याच्याच अधिकाराने चालतील. आज्ञांच्या यादीत फाइलीचा मजकूर दाखविणारी एखादी निरुपद्रवी वाटणारी आज्ञा घातली, तर फाइली मागण्यास केलेली मनाई निरर्थक होते. कारण मागणी नाकारली, तरी तीच फाइल आज्ञेच्या द्वारे मिळविता येते. परवाने सुटे सुटे वाचून चालत नाही, ते एकत्र वाचावे लागतात, हा यातील मुख्य बोध होय.

भारतातील प्रारंभ : भारतात युनिक्सचा प्रसार १९८० नंतरच्या दशकात झाला. बँकांच्या यांत्रिकीकरणासंबंधी चक्रवर्ती रंगराजन यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९८४ मध्ये अहवाल दिल्यानंतर बँकांच्या संगणकखरेदीसही चालना मिळाली. शैक्षणिक क्षेत्रात मुंबई येथील राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रविद्या केंद्राने (एनसीएसटी) पुढाकार घेतला. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आर. नरसिंहन् यांच्या नेतृत्वाखाली वाढलेल्या संगणकीय कार्यातून हे केंद्र १९८५ मध्ये स्वतंत्र झाले व एस. रमणी हे त्याचे संचालक झाले.

भारत सरकारच्या इलेक्ट्रॉनिकी विभागाने संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाच्या साहाय्याने १९८६ मध्ये शिक्षण व संशोधन जालाचा (अर्नेट) प्रकल्प हाती घेतला. मुंबई, दिल्ली, कानपूर, खरगपूर व मद्रास येथील पाच भारतीय तंत्रविज्ञान संस्था, बंगलोर येथील भारतीय विज्ञान संस्था, एनसीएसटी आणि स्वतः इलेक्ट्रॉनिकी विभाग असे आठ घटक त्यात होते. १९८६–८७ मध्ये एनसीएसटी व पवई येथील भारतीय तंत्रविज्ञान संस्था यांच्यात दूरध्वनीवरून पत्रांची देवघेव सुरू झाली. एकाच शहरातील दोन संस्थांमधील ही जोडणी देशातील संगणकीय पत्रव्यवहाराची पहिली पायरी मानली जाते. त्यानंतर अन्य शहरांतील संस्था या जालात आल्या. १९८९ मध्ये एनसीएसटीतून अमेरिकेतील व्हर्जिनिया राज्यामधील ‘यूयूनेट’शी प्रतिसेकंद ९,६०० बिट वेगाची जोडणी झाली. यूयूनेट ही संस्था रिक ॲडम्स यांनी १९८७ मध्ये स्थापन केलेली होती. १९८९ मध्येच भारताचे ‘इन’ हे क्षेत्रनाम नोंदले गेले. रमणी यांची २०१४ मध्ये इंटरनेटच्या सन्माननीयांच्या दालनात निवड झाली.

एनसीएसटीच्या यंत्रांना ‘शक्ती’, ‘संगम’ अशी नावे होती. परदेशातून येणाऱ्या पत्राच्या पत्त्यात यूयूनेट व त्यापुढे शक्ती असा मार्ग लिहिलेला आढळे. अर्नेटमधील संस्थांचा परदेशी पत्रव्यवहार मुंबईच्या या दारातून होत असल्याने दारावरील परवाने हा एका संस्थेचा खाजगी विषय राहिला नाही. मधल्या यंत्रावरील पत्रे त्या यंत्राच्या व्यवस्थापकास वाचता येण्याजोगी असत. त्याच्या एका चुकीच्या नोंदीने दूरच्या संस्थांची पत्रे अडून राहू शकत. या टप्प्याटप्प्याच्या रचनेत प्रत्येक यंत्र आपल्या शेजाऱ्यास ओळखते, परंतु शेजाऱ्याच्या शेजाऱ्याबद्दल शेजाऱ्याच्याच शब्दावर विश्वसते. या उणिवेची मासलेवाईक साक्ष १ एप्रिल १९८४ रोजी मिळाली होती. ॲम्स्टरडॅम येथील पीट बेर्टेमा यांनी त्या दिवशी यूझनेटवर ‘क्रेमव्हॅक्स’ नावाच्या, मॉस्कोतील भासणाऱ्या यंत्राकडून सोव्हिएट नेत्याचा संदेश आल्याचा देखावा केला व अनेकांनी तो खरा मानला. असे यंत्र अस्तित्वातच नव्हते.

कायदेशीर परवाना : भारतात यंत्रांमधील परवान्याबरोबर शासनाच्या परवान्याचाही प्रश्न होता. १८८५ च्या भारतीय तार अधिनियमाच्या चौथ्या कलमान्वये तार स्थापण्याचा व चालविण्याचा एकाधिकार केंद्र शासनाकडे होता व इतरांना त्यासाठी अनुज्ञप्ती घ्यावी लागे. दुसऱ्याचे संदेश वाहून नेणे हेही त्याच कक्षेत येई. त्यामुळे यूयूसीपीचे जे वैशिष्ट्य, म्हणजे कोणीही कोणाचे पत्र पुढे पाठवावे, ते भारतात सर्वांना मोकळे नव्हते. अर्नेट हे शिक्षण व संशोधन यांपुरतेच मर्यादित जाल राहिले. सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सेवा विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू केली. पुढे २०२३ मध्ये नवा दूरसंचार अधिनियम संमत झाला व त्याने १८८५ च्या अधिनियमाची जागा घेतली.

याच काळात राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राने उपग्रहाच्या साहाय्याने ‘निकनेट’ हे शासकीय जाल उभारले व जिल्ह्यांची मुख्य ठाणी त्यास जोडली. रत्नागिरीसारख्या जिल्ह्याच्या ठिकाणी दूरच्या संगणकाशी नियमित संबंध आला तो या मार्गाने. या जालाचे भूकेंद्र दिल्लीस होते व सर्व जोडण्या तेथून होत. म्हणून कोणास काय करू द्यावयाचे, हा निर्णय मध्यवर्ती स्वरूपाचा होता. यूयूसीपीत असा मध्य नव्हता. प्रत्येक यंत्राचा व्यवस्थापक आपल्या दारापुरता सर्वाधिकारी असे. पहिल्या रचनेत शिस्त अधिक, तर दुसरीत विस्तार सुलभ. दुसरीत मात्र सर्व जालाची सुरक्षितता प्रत्येक व्यवस्थापकाच्या दक्षतेवर अवलंबून राही.

उत्तरकाल : यंत्रे अखंड जोडलेली राहू लागल्यावर रात्रीच्या दूरध्वनीची गरज संपली. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील युनिक्सच्या १९८३ मधील आवृत्तीत एका यंत्रावरून दुसऱ्यावर थेट प्रवेश करण्याच्या आज्ञा होत्या. विश्वासू यंत्रांची यादी एका फाइलीत लिहिली, की तेथून येणाऱ्यास परवलीचा शब्दही विचारला जात नसे. ही सोय लोकप्रिय झाली. परंतु यूयूसीपीच्या परवान्यांनी शिकविलेला सावधपणा तीत उरला नव्हता. २ नोव्हेंबर १९८८ रोजी रॉबर्ट टॅपन मॉरिस या विद्यार्थ्याने सोडलेली स्वयंप्रसारी आज्ञावली अल्पावधीत हजारो संगणकांत शिरली. तिने वापरलेल्या मार्गांपैकी एक मार्ग यंत्रायंत्रांमधील या आंधळ्या विश्वासाचा होता. परवलीच्या शब्दांच्या सुरक्षिततेवर १९७९ मध्ये लिहिणाऱ्या मॉरिस यांचाच हा पुत्र होय.

१९९५ मध्ये फिनलंडमधील हेलसिंकी तंत्रविद्या विद्यापीठाच्या जालावरून परवलीचे शब्द चोरले गेले. त्यानंतर तेथील टाटू यलोनेन यांनी ‘एसएसएच’ ही पद्धती तयार केली. तीत सर्व संभाषण गूढलिपीत चालते. येणाऱ्याने परवलीच्या शब्दाऐवजी किल्ल्यांच्या जोडीने आपली ओळख पटविता येते आणि यजमान यंत्राचीही ओळख तपासली जाते. यूयूसीपीत यंत्राचे नाव केवळ सांगण्यावर मानले जाई, ती उणीव येथे दूर झाली. १९९९ मध्ये निघालेल्या ‘ओपनएसएसएच’ या मुक्त आवृत्तीमुळे ही पद्धती सर्वत्र पसरली. तिच्या किल्ल्यांच्या फाइलीत प्रत्येक किल्लीपुढे ती कोणत्या पत्त्यावरून वापरता येईल व तिने कोणती एकच आज्ञा चालेल, हे लिहिता येते. ‘हनी-डॅन-बर’ आवृत्तीतील आज्ञांच्या यादीचे व नाव खात्याशी बांधणाऱ्या नोंदीचे हे सुधारलेले रूप होय. स्वतः यूयूसीपीचा वापर नव्वदीच्या दशकात झपाट्याने ओसरला. इयन टेलर यांनी लिहिलेली तिची मुक्त आवृत्ती मात्र त्यानंतरही उपलब्ध राहिली. एनसीएसटी हे केंद्र २००३ मध्ये प्रगत संगणन विकास केंद्रात (सी-डॅक) विलीन झाले.

मूल्यमापन : यूयूसीपीच्या इतिहासाकडे केवळ कालबाह्य तंत्राचा इतिहास म्हणून पाहणे योग्य नाही. मंद मोडेम, रात्रीचे दूरध्वनी व उद्गारचिन्हांचे लांबलचक पत्ते मागे पडले. परंतु त्या काळात घातलेले दोन प्रश्न कायम आहेत. येणारा कोण, हा पहिला प्रश्न, व त्यास किती करू द्यावयाचे, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर गणिती साधनांनी पुष्कळच पक्के झाले. दुसऱ्याचे उत्तर यंत्र देऊ शकत नाही. ते व्यवस्थापकाने कामाची गरज ओळखून प्रत्येक वेळी ठरवावे लागते. ओळख पटली म्हणजे सर्व मुभा मिळाली, असे समजणाऱ्यांची यंत्रे १९८८ मध्ये बळी पडली. गरजेपुरतीच मुभा द्यावी व न सांगितलेले ते नाकारलेले समजावे, हा नियम दूरध्वनीच्या तारेवर पत्रे पाठविणाऱ्यांनी अनुभवातून घडविला. भारतातील जालांची पहिली दारेही याच रीतीच्या खात्यांनी व परवान्यांनी उघडली आणि ती पहिल्याने उघडली मुंबईत.